न केलेली खिचडी

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावचा पाऊस पडतो असं म्हणवत नाही. तो नुसता असतो. ऑक्टोबरात केव्हातरी येतो आणि मे महिन्यापर्यंत हलत नाही. इथे कुणी छत्री उघडत नाही, सगळे जॅकेटची टोपी डोक्यावर ओढतात आणि चालत राहतात. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली की पावणेपाचलाच माझ्या खिडकीखालचं पार्किंग काळं दिसायला लागतं. मी घरूनच काम करते. सकाळच्या मीटिंगमध्ये एकदा "नो अपडेट्स फ्रॉम मी" म्हटलं, की बहुतेक दिवशी माझं बोलून झालेलं असतं.

या वर्षी पावसाबरोबर एक वासही घरात राहिलाय. आई सप्टेंबरमध्ये इथे होती तेव्हा तिनं गोडा मसाला भाजला. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल यांपर्यंत ठीक चाललं होतं. दालचिनी आणि चक्रीफूल तेलात पडलं, आणि छतावरचा स्मोक अलार्म असा काही किंचाळला, की आई झारा टाकून बाल्कनीत पळाली. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत होते आणि ती दारातून ओरडत होती, "तुमच्या अमेरिकेत मेलं भाजायचीही चोरी!" तेव्हा खिडक्या उघड्या होत्या. आता बंद आहेत, आणि पडद्यांत, सोफ्याच्या उशीत, माझ्या हिवाळी कोटाच्या अस्तरात तो मसाला बसून आहे. संध्याकाळी हीटर सुरू झाला की आधी चक्रीफूल येतं.

कुणालाही वाटेल, की या वासानं मला नाशिकचं घर आठवत असणार. मला तैपेई आठवतं.

पाच वर्षांपूर्वीचा हिवाळा. आमच्या कंपनीचं एक यंत्र तिथे बनत होतं आणि त्याचं सॉफ्टवेअर तपासायला कुणीतरी तीन महिने जाऊन राहायला हवं होतं. टीममधल्या बाकीच्यांना मुलं होती, घरं होती, कुत्री होती. माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी गेले. त्या शहरातला हिवाळाही ओलाच होता. बारीक, चिकट पाऊस, स्कूटरवर रंगीबेरंगी रेनकोट, आणि माझी खोली सातव्या मजल्यावर. खोलीत एक किटली होती. बाकी स्वयंपाकाचं काही नाही, आणि काही आणायलाही परवानगी नव्हती.

निघण्याआधी आईनं फोनवर विचारलं होतं, "किचन आहे ना गं?" मी "छोटंसं आहे" म्हणाले. किटली हे छोटंसं किचनच आहे असं मी त्या क्षणी मनाशी ठरवलं असावं. त्या एका वाक्यानं पुढचे तीन महिने ठरून गेले.

पहिल्या आठवड्यात मी बिस्किटं, केळी आणि गरम पाण्यात भिजवलेले ओट्स खाल्ले. मग एका संध्याकाळी ऑफिसातून येताना भिजले आणि गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात शिरले. सहा टेबलं, वाफेनं आंधळ्या झालेल्या काचा, दाराशी माणूस मावेल एवढं स्टीलचं पातेलं. मेनू चिनी भाषेत. मी शेजारच्या माणसाच्या वाडग्याकडे बोट दाखवलं.

नंतर इथल्या एका मैत्रिणीला मी सांगितलं होतं, की चुकून खाल्लं, यार, कळलंच नाही. ती हसली, मीही हसले. पण दुकानाच्या पाटीवर बैलाचं डोकं काढलेलं होतं. शिंगं, नाकात वेसण, सगळं. मी ते रस्त्यापलीकडून पाहिलं होतं. मला माहीत होतं.

आमच्या घरी अंडंसुद्धा बाबा बाल्कनीत, वेगळ्या तव्यावर करतात. मी अमेरिकेत आल्यावर चिकन खायला लागले होते आणि तेही आईला माहीत नव्हतं. पण हे त्याहून पुढचं होतं. आजही मी 'बीफ' असंच म्हणते. इंग्रजीत म्हटलं की ते मेनूवरचं काहीतरी असतं. मराठीत म्हटलं की गोठा दिसतो.

वाडगा आला. तांबूस रस्सा, वर कांद्याची पात, लोणचवलेला मोहरीचा पाला, जाडसर नूडल्स आणि मांसाचे चार तुकडे. मी आधी वाकून नुसती वाफ घेतली. त्यात चक्रीफूल होतं, दालचिनी होती, आणि तिरफळाची असते तशी जिभेला मुंग्या आणणारी मिरी होती. घरापासून इतक्या लांब, अक्षरओळख नसलेल्या गावात, त्या वाडग्यातून आमच्या आमटीचा वास येत होता. माझे डोळे भरले. ते वाफेनं भरले असं कुणालाही वाटावं अशी सोय होती, म्हणून मी पुसले नाहीत.

मग खाल्लं.

खोलीवर आले तर आठला आईचा फोन. "मृणू, काय जेवलीस?"

"खिचडी."

"मुगाची?"

"हो."

"हिंग घातलंस का? तू विसरतेस."

"घातलं."

असं ते सुरू झालं. रोज आठ वाजता मी एक पदार्थ सांगायची. सोमवारी खिचडी, मंगळवारी पिठलं, बुधवारी वरण-भात. आई त्यात दुरुस्त्या सुचवायची. पिठल्यात गुठळ्या होतात म्हणून पीठ आधी ताकात कालव. वरणात चिमूटभर गूळ. कधीकधी खरं वाटावं म्हणून मी मुद्दाम पदार्थ बिघडवायची. एकदा म्हणाले, खिचडी खाली लागली. ती म्हणाली, "लिंबाच्या सालीनं घास पातेलं, तारेच्या चोथ्यानं नको, कल्हईसारखं सगळं निघून जाईल." मी म्हणाले, "बरं." खोलीत पातेलं नव्हतं, लिंबू नव्हतं. फोन कानाला लावून मी किटलीकडे बघत होते. पण तेव्हा मला हसू आलं होतं. त्या दहा मिनिटांत, पातेल्याच्या त्या काळजीत, मी दिवसभरात पहिल्यांदा कुणाच्यातरी घरात असायची.

त्या दुकानाची मालकीण पन्नाशीची असेल. गुलाबी रबरी एप्रन, कोपरापर्यंत फुलाफुलांच्या बाह्या, केस जाळीत. तिथे अशा बाईला जे म्हणतात त्याचा अर्थ मावशीच होतो, म्हणून मीही मनात तिला मावशीच म्हणायचे. दुपारची गर्दी ओसरली की ती कोपऱ्यातल्या टेबलावर स्टीलचा डबा उघडून जेवायची. भात, हिरवी पालेभाजी, अर्धं उकडलेलं अंडं. रश्श्याची चव तिचा नवरा बघायचा. ती झाकण उचलून फक्त वास घ्यायची आणि मीठ टाकायची. स्वतःच्या दुकानातलं ती काही खात नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प माणूस आहे. मला अशा गोष्टी दिसतात आणि मी त्या विचारत नाही.

विचारलं ते मेईनं. मेई माझ्याबरोबर ऑफिसात होती, मनमोकळी, मोठ्यानं हसणारी. एका शनिवारी तिला घेऊन गेले तर तिनं पाच मिनिटांत मावशीचं सगळं चरित्र काढून घेतलं. मावशी गावाकडची, शेतकऱ्याची मुलगी. घरी एक बैल होता. त्याच्या जिवावर पाच भावंडं वाढली. म्हातारा झाल्यावरही वडिलांनी त्याला विकला नाही. त्या घरातलं कुणी बीफ खात नाही.

"तिकडे जुन्या शेतकरी घरांत असंच असतं," मेई म्हणाली. "माझी आजीपण नाही खायची."

"मग हे दुकान?"

"दुकान सासऱ्याचं. धंदा तो धंदा." मग मेईनं माझ्या वाडग्याकडे पाहिलं. "एक मिनिट, तुम्ही इंडियन लोकपण नाही ना खात?"

मी काही म्हणायच्या आत तिनं ते मावशीला सांगूनही टाकलं. मावशीचा हात तोंडावर गेला. ती टेबलाला वळसा घालून आली, माझ्या दंडाला धरून घाईघाईनं काहीतरी बोलत राहिली. मेईनं भाषांतर केलं, "ती सॉरी म्हणतेय. तुला वाचता येत नाही हे तिच्या लक्षात यायला हवं होतं म्हणते. एवढे दिवस तुला चुकून खायला घातलं, याचं पाप तिला."

हीच ती वेळ होती. "मला माहीत होतं" एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. मान खाली घालणाऱ्या मुलीला सगळीकडे निष्पाप समजतात.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा माझ्यापुढे मोठा वाडगा आला नाही. मावशीनं मागच्या बाजूला एका लहान भांड्यात वेगळं पाणी उकळलं, त्यात नूडल्स, पालेभाजी, अख्खं अंडं, वर तिळाचं तेल. ते माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचा डबा घेऊन समोर बसली. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ती भाजीतलं कोवळं पान निवडून माझ्या वाडग्यात टाकायची. मी खायची. बाहेर पाऊस. दोन खाणाऱ्या, आणि मध्ये एक नसलेला बैल.

त्या लहान वाडग्यासारखं मला तीन महिन्यांत काहीच मिळालं नाही. आणि तरीही, हे लिहायला लाज वाटते, मला तो तांबूस रस्सा हवा असायचा. मग मी इतर दुकानं शोधायला लागले. मेट्रोचं एक-एक स्टेशन पुढे जायची. एका पुलाखालच्या दुकानात रस्सा पाण्यासारखा नितळ होता आणि चव मात्र खोल. एका ठिकाणी टोमॅटो घालायचे, ते मला आंबट वरणासारखं वाटलं. एका म्हाताऱ्याच्या दुकानात चारच टेबलं आणि भिंतीवर त्याच्या फौजेतल्या तरुणपणीचा फोटो. कुठे नूडल्स हातानं ओढलेल्या, कुठे सुरीनं कापलेल्या. प्रवासाच्या ब्लॉगवर लोक लिहितात तशी मी वहीत नोंद ठेवायची. वही मराठीत होती, कारण मराठीत ती तिथे कुणाला वाचता आली नसती. प्रत्येक दुकानात मी कोपऱ्यातलं, भिंतीकडे तोंड असलेलं टेबल घ्यायची. दुपारी मावशीकडे निष्पाप मुलगी, संध्याकाळी दुसऱ्या दुकानात मी, आणि आठ वाजता आईच्या स्वयंपाकघरात शिकणारी लेक. तिघींची एकमेकींशी गाठ पडत नव्हती.

शेवटच्या आठवड्यातल्या रविवारी मी आळस केला. लांब न जाता दोन गल्ल्या सोडून एका दुकानात बसले. भिंतीजवळची जागा नव्हती, खिडकीची मिळाली. काच धुरकटली होती. पाऊस थांबला का बघायला मी बाहीनं काच पुसली, आणि पुसलेल्या जागेत मावशी उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. माझ्या चॉपस्टिक्समध्ये मांसाचा तुकडा होता. तो मी खालीही ठेवला नाही, तोंडातही घातला नाही.

तिनं मान हलवली. ओळखीच्या माणसाला रस्त्यात हलवतात तशी. आणि गेली.

सोमवारी मी दुकानात गेले. जायलाच हवं असं वाटलं. मावशीनं मला पाहिलं, मोठ्या पातेल्यातून रस्सा काढला आणि माझ्यापुढे मोठा वाडगा ठेवला. चार तुकडे, मोहरीचा पाला, कांद्याची पात. कशातही कमी नव्हतं. गर्दीही नव्हती. ती तिचा डबा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसली, पूर्वी बसायची तशी.

ती रागावली होती का, मला आजही माहीत नाही. कदाचित तिला एवढंच कळलं असेल, की या मुलीला हे आवडतं, तर देऊया. भाषा येत नव्हती म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगते. भाषा आली असती तरी विचारलं नसतं. त्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून शिरले होते आणि गिऱ्हाईक म्हणूनच बाहेर पडले. मधलं जे होतं ते मीच मान खाली घालून मिळवलेलं होतं.

पाच वर्षं हे मनात घडी घालून ठेवलं. आईशी बोलताना त्याच्या वळचणीला एक भीती असायची. कधीतरी आई अशीच काचेबाहेर उभी असेल, मान हलवेल, आणि मग तिच्याकडेही मी गिऱ्हाईक होऊन जाईन.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आई परत जायच्या दोन आठवडे आधी, आम्ही इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. तांदळाची पोती, ढोकळ्याचं पीठ, आईची प्रत्येक पाकिटामागची तारीख वाचण्याची तऱ्हा. बाहेर पडलो तर भुरभुर सुरू झाली होती. पार्किंगकडे जाता जाता आई थबकली.

"थांब. इथे कुणीतरी गोडा मसाला भाजतंय."

"इथे कोण भाजणार?"

"अगं, माझं नाक काय मला फसवतंय? चक्रीफूल आहे, दालचिनी आहे." ती वासाच्या मागे चार पावलं गेली आणि एका काचेच्या दारापाशी थांबली. आत लोक मोठ्या वाडग्यांवर वाकलेले होते. दारावर चित्र होतं. तेच, शिंगांचं.

"हे काय आहे?"

"नूडल्स. तैवानचं सूप." मग मी म्हणाले, "बीफचं."

आई झटकन मागे झाली नाही. ती विचारात पडली होती. "मग मसाला आपला कसा?"

गाडीत बसल्यावर मी तिला मावशीचं सांगितलं. बैलाचं, पाच भावंडांचं, वास घेऊन मीठ टाकण्याचं. आई ऐकत राहिली. "बघ," ती म्हणाली, "माणसं सगळीकडे सारखीच. विकते, पण खात नाही बिचारी." वायपर एकदा गेला, आला. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू?"

सिग्नल लाल होता. मान खाली घालता आली असती.

"मी खाल्लं, आई."

"चुकून?"

"नाही."

"एकदा?"

"खूपदा. तीन महिने."

घरी आल्यावर तिनं सामान लावलं, तांदूळ डब्यात ओतले. मी ओट्यापाशी उभी होते. ती काय म्हणेल याच्या मी पाच वर्षांत अनेक तालमी केल्या होत्या. देव, धर्म, आजी, बाबांना कळलं तर. ती त्यातलं काहीच बोलली नाही.

"मग ती खिचडी?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"तू रोज करायचीस ती."

"केलीच नव्हती. किचन नव्हतं तिथे."

"पिठलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"पातेलं खाली लागलं होतं तुझं. मी म्हटलं लिंबाच्या सालीनं घास."

"पातेलंच नव्हतं, आई."

ती खुर्चीवर बसली. "तू हसली होतीस त्या दिवशी. मी फोन ठेवून यांना सांगितलं, पोरगी रमली बरं का, स्वयंपाक शिकतेय. मला इतकं बरं वाटलं होतं." मग माझ्याकडे न बघता, "तीन महिने मी कुणाला शिकवत होते गं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. त्या न केलेल्या खिचडीवरच मी पुढे इथे खिचडी-पिठलं शिकले, हिंग आधी, हळद मग, पीठ ताकात कालवून, सगळं तिच्या फोनवरच्या आवाजातून. पण ते त्या वेळी सांगणं म्हणजे अजून एक पदार्थ बनवून सांगितल्यासारखं झालं असतं.

त्या दिवशी तिनं मला वाढलं. आमटी, भात, तूप, लिंबाची फोड, सगळं. कशातही कमी नव्हतं. एरवी ती ताट संपत आलं की "अजून एक घास" म्हणते आणि मी नको म्हणेपर्यंत घालूनही टाकते. त्या दिवशी म्हणाली नाही. मी पूर्वीही एकदा अशा भरल्या वाडग्यासमोर बसले होते.

आता ती परत जाऊन महिना झाला. जाताना डब्यावर चिठ्ठी चिकटवून गेली, 'गोडा मसाला', तिच्या गोल अक्षरात. इथे संध्याकाळचे सहा वाजले की तिकडे सकाळ होते आणि तिचा फोन येतो. ती माझी तब्येत विचारते, पाऊस विचारते. मग म्हणते, "जेवलीस?" मी "हो" म्हणते. "बरं," ती म्हणते. काय जेवलीस, हे ती आता विचारत नाही. मला वाटतं, मला खोटं बोलायला लागू नये म्हणून ती तो प्रश्न टाळते. ही तिची माया आहे हे मला कळतं, आणि तरी फोन ठेवल्यावर घर जरा जास्त मोठं वाटतं.

काल मी लवकर लॉगआउट केलं. मूग आणि तांदूळ धुतले. हिंग आधी, हळद मग. चिमूटभर गोडा मसाला टाकला आणि वाफ आली. मी वाकून ती घेतली. फोन आला. तब्येत, पाऊस.

"जेवलीस?"

"अजून नाही. खिचडी केलीय."

पलीकडे मागे बाबांच्या रेडिओचा आवाज येत होता. माझ्याकडे पुढे जोडायला वाक्य नव्हतं. पूर्वी असायची, हिंगाची, लागलेल्या पातेल्याची. काल फक्त खिचडी होती.

"फोटो पाठव," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी गॅसपाशी उभी राहून, झाकण बाजूला करून फोटो काढला. वाफेमुळे पहिला धुरकट आला. दुसरा पाठवला. दोन खुणा आल्या, मग त्या निळ्या झाल्या. मी ताट न घेता तिथेच उभी राहिले. खिडकीबाहेर पाऊस होता तसाच होता.

बऱ्याच वेळानं अक्षरं उमटली.

"पाणी जास्त झालंय."